खिडकीला बांधलेली बंदूक

लातूर जिल्हा झाला आणि गावातल्या दोन गोष्टी संपल्या, भाड्याच्या खोल्या आणि पाणी. कचेऱ्या आल्या, कचेऱ्यांमागून साहेब आले, साहेबांमागून आमच्यासारखे टायपिस्ट-कारकून आले. पाऊस तेवढा आला नाही. मला एका नव्या कचेरीत टायपिस्टची जागा मिळाली होती, तीही कच्ची. काही महिन्यांची ऑर्डर निघायची, ती संपत आली की दुसरी निघेल या आशेवर बसायचं. मध्ये खाडे पडले तर नाव गाळायला साहेबाला फार डोकं खाजवावं लागणार नव्हतं.

खोली मिळाली ती माडीवर. वर पत्रे, खाली शहाबादी फरशी आणि बाहेरून जिना, इतका अरुंद की घागर घेऊन चढताना कोपर भिंतीला घासायचं. सासऱ्यांना तिघांनी खुर्चीत बसवून वर चढवलं. ती खोली आम्ही सोडली तोवर ते एकदाही खाली उतरले नाहीत.

सासऱ्यांना मी मामा म्हणायचे. मामा मूळचे हदगावकडचे. त्यांनी आयुष्यभर जत्रांमधून फुगे फोडायचं दुकान मांडलं होतं. माहूरच्या देवीची यात्रा, मग खालचे उरूस, मग कुठले कुठले बाजार. एका पाटीवर फुगे टाचायचे, समोर फळीवर छऱ्याच्या बंदुका मांडायच्या आणि दिवसभर ओरडायचं. मग लकवा आला. उजवं अंग गेलं आणि दिवसभर ओरडणारा तो आवाजही गेला. उरला तो घोगरा, खाटेच्या पायथ्याशी बसलेल्या माणसालाच ऐकू जाईल एवढा. माझा नवरा मुदखेडला रेल्वेच्या गँगमध्ये होता. चार-पाच जण एका खोलीत राहायचे आणि हा सुट्टीला लातूरला यायचा. नणंद हदगावला होती, पण तिची स्वतःची विहीर आटलेली. तेव्हा मामा आणि मी. सकाळी मी कचेरीत निघाले की त्यांच्यावर कडी, आणि संध्याकाळी आले की माझ्यावर.

रस्त्याच्या पलीकडं पिठाची चक्की होती. ती चालवणाऱ्या विधवा बाईला सगळी गल्ली अक्का म्हणायची. उदगीरकडच्या, कपाळाला विभूती, बोलणं तोडून टाकल्यासारखं, पण मनानं चांगल्या. त्या म्हणाल्या होत्या, "बोलाव की मला. मी येते. पण लाइट कधी येईल कधी जाईल, चक्की सोडून सारखं वर डोकवायला मला जमंना." आता बोलवायचं कसं, हाच सगळा घोळ होता. एका दुपारी मामांना ठसका लागला आणि ते तासभर तसेच तडफडत पडले. मी दोन दिवस घरी राहिले. परत गेले तेव्हा साहेब शांतपणे म्हणाले, "बाई, असंच चाललं तर पुढच्या ऑर्डरीचं मला बघावं लागेल." त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. माझ्या जागेसाठी किती जण टपून होते हे मलाही माहीत होतं.

म्हणजे सरळ होतं. मामांना हाक मारता आली तर माझी नोकरी राहणार. नाही आली तर मी पण त्याच पत्र्याखाली, त्याच खाटेशेजारी, दिवसभर.

आधी घंटी आणली. मामांनी ती हातात घेतली, हलवून पाहिली आणि म्हणाले, "मी काय बैल हाय का?" तरी वाजवली. चक्की चालू असताना पलीकडं काही म्हणजे काही ऐकू गेलं नाही. मग मी रस्त्यावरून सुतळी ओढली. एक टोक मामांच्या हातात, दुसरं चक्कीच्या दारावरच्या घुंगरांना. दुष्काळामुळं कडब्याचे ट्रक त्या रस्त्यानं जायचे, माडीइतके उंच रचलेले. पहिल्याच ट्रकानं सुतळी नेली आणि अक्कांचे घुंगरूही नेले. मी डोक्याला हात लावून बसले. आवाज आमच्याकडं करून भागत नव्हतं, तो पलीकडं जाऊन व्हायला हवा होता.

तेव्हा मामांनी डाव्या हातानं खाटेखाली बोट दाखवलं. "पोत्यात बघ."

पोत्यात त्यांच्या दुकानातली शेवटची बंदूक होती. बाकीच्या कुठं गेल्या हे मी विचारलं नाही. नळी मधोमध मोडून छर्रा भरायची, नळी खाली ओढताना आतली स्प्रिंग दाबून बसते, घोडा ओढला की ती सुटते आणि दट्ट्या पुढं जाऊन हवेच्या धक्क्यानं छर्रा उडवतो. एवढं मामांनी मला तुकड्या-तुकड्यांनी समजावलं, मध्ये थांबून लाळ पुसत. बेत त्यांचाच. बंदूक खिडकीच्या गजांना पक्की बांधायची. चक्कीच्या दारावर जी पत्र्याची छपरी होती तिच्या खालच्या फळीवर वनस्पती तुपाचा रिकामा डबा ठेवायचा, त्याला दोरी. छर्रा लागला की डबा खाली पडून दोरीला लटकणार, बरोबर अक्कांच्या नाकासमोर. मग चक्की कितीही घरघरली तरी काय बिघडतं?

अक्कांना सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "मला लागंल की गं." मी म्हटलं, रेघ डोक्याच्या बरीच वरून आहे, मागं मी पोतं टांगते, छर्रा त्यात पडेल. मध्ये ट्रक आला तर कडब्यात जाईल. त्यांनी नवऱ्याच्या फोटोकडं एकदा पाहिलं आणि हो म्हणाल्या.

डबा पहिल्याच दिवशी पडला. दुसऱ्या दिवशी तीनदा पडला आणि अक्का तीनदा धापा टाकत वर आल्या. मामांनी घोड्याला हातही लावला नव्हता. उन्हाळ्याचं वारं आणि मोकळ्या रानातून येणाऱ्या वावटळी, रिकामा डबा काय टिकणार? म्हणून आम्ही त्यात दोन मुठी वाळू घातली. आता वाऱ्यानं डबा हलेना आणि छऱ्यानंही हलेना. मी नेम धरून घोडा ओढला तर छर्रा नळीतून निघून पलीकडं जाताना मला डोळ्यांनी दिसला. डब्याला लागून टिच् झालं आणि संपलं.

"मेली हाय," मामा म्हणाले. "तेल घाल."

घरात तेल एकच, करडीचं. आमच्याकडं बिजागरीलाही तेच आणि फोडणीलाही तेच. मी नळीच्या मागच्या भोकातून चार थेंब घातले. घोडा ओढला आणि असा बार झाला की खालच्या घरातली बाई भांडं टाकून बाहेर आली. नळीतून धूर निघाला आणि खोलीभर फोडणीचा वास पसरला. डबा पडला म्हणजे काय, उडाला. आम्ही दोघं हसलो. त्या खोलीत आल्यापासून पहिल्यांदा हसलो असू. दोन-तीन दिवस बंदूक तेजीत होती. आठवड्याच्या शेवटी तिचा धक्का पुन्हा मंदावला, आणि पुढच्या आठवड्यात ती पहिल्यापेक्षाही मेली.

मी चिडले. मी तशी चिडकीच आहे, पण त्या दिवसांत माझ्या चिडण्याला वरचा तापलेला पत्राही कारण असायचा. मला वाटायचं, एक यंत्र आहे, लोखंडाचं आणि चामड्याचं, ते का चालत नाही हे मला समजत कसं नाही. मामा मात्र अशा वेळी खुलायचे. "भांडू नको तिच्याशी," म्हणायचे. "इच्चार तिला."

विचारायची पद्धत त्यांची होती. नळी मिटवल्यावर ती जिथं मागच्या, स्प्रिंगच्या नळकांड्याला टेकते त्या जोडावर मी अक्कांकडचं चिमूटभर पीठ ठेवलं आणि घोडा ओढला. पीठ भुर्रकन उडालं. म्हणजे हवा तिथून पळत होती. जोडावरचा चामड्याचा छोटा वायसर दाबून चपटा झाला होता. मी तुटक्या चपलेच्या पट्ट्यातून नवा कापला, ब्लेडनं, बोट कापून घेत. पुन्हा पीठ ठेवलं, पीठ जागेवर बसून राहिलं. मग धुण्याच्या साबणाची वडी उभी करून तीत छर्रा मारला. तो अर्धाच रुतला, त्याचं ढुंगण बाहेर. जोड सुधारला तरी जोर नव्हता. "आता कान दे," मामा म्हणाले. मी नळकांड्याला कान लावून पुन्हा घोडा ओढला. आतून आधी झणझण आणि मग लोखंडावर लोखंड आपटल्याचा कोरडा आवाज आला. मामांनी मान हलवली. झणझण म्हणजे स्प्रिंग वाकली. आपटणं म्हणजे दट्ट्याच्या तोंडाचा मोठा वायसर हवा धरत नाही. धरली असती तर शेवटी दट्ट्या हवेच्या उशीवर टेकला असता.

"उघडावी लागंल."

उघडणं म्हणजे काय हे मला तोवर कळलं नव्हतं. आत स्प्रिंग कोंडलेली, मागं लोखंडी बूच आणि बुचातून आडवी खीळ. खीळ काढायची तर आधी बूच स्प्रिंगविरुद्ध दाबून धरायचं, आणि खीळ निघाली तरी हळूहळूच सोडायचं. नाहीतर स्प्रिंग सुटून तोंडावर येते. लाकडी दस्ता आणि नळी काढून मी नळकांडं खाटेजवळ उभं केलं, बुचावर लाकडी ठोकळा ठेवला आणि त्यावर छातीनं भार दिला. मामा खाटेच्या कडेला आडवे, डाव्या हातात पक्कड. त्या हातानं त्यांनी पूर्वी कधी जेवणही केलं नव्हतं. ते खीळ पकडायला जात होते आणि पक्कड घसरत होती. मी सगळं अंग टाकून दाबून उभी, घाम नाकावरून ठोकळ्यावर टिपटिपत होता.

खीळ अर्धी निघाली आणि खाली टँकरचा भोंगा वाजला.

ज्यानं तो भोंगा कधी ऐकला नाही त्याला तो काय होता हे सांगून कळणार नाही. सगळी गल्ली एकदम बाहेर पडायची. जिना उतरून पोचायला उशीर झाला की उरायचा तो तळचा गाळ.

"मामा, सोडते मी. टँकर आला."

"सोडू नको. अर्धी हाय."

"मग परत घाला ना आत."

"घालून राहिलो. न्हाई जाऊन राहिली."

मी तशीच. खाली घागरींचा खणखणाट, कुणाची तरी शिवी, कुणीतरी माझ्या नावानं ओरडलं, "माडीवरची बाई कुठं हाय?" मला ओ देता येईना, कारण श्वास सोडला की भार हलका व्हायचा आणि बूच वर यायचं. ओरडले नाही, हलले नाही. खाली भरभरून चाललेलं पाणी ऐकत मी त्या स्प्रिंगवर पडून राहिले. मला आजवर अडकल्यासारखं बऱ्याच वेळा वाटलं आहे, पण इतकं सरळसरळ कधी वाटलं नाही. टँकर गेला. त्यानंतर खीळ निघाली.

त्या दिवशी आम्ही अक्कांच्या एका घागरीवर भागवलं.

दट्ट्या बाहेर आला तेव्हा त्याच्या तोंडाचा चामड्याचा वायसर काळा, चकचकीत आणि खडखडीत झालेला होता, कडेनं चिकट पिवळा गोंद. माझ्या करडीच्या तेलानं वरचा थर केला होता. पण खालचे थर जुने होते, एकावर एक. मामांनी तो अंगठ्यानं दाबून पाहिला आणि नाकाशी नेला.

"रोगन हाय हे. माझंच."

मग हळूहळू सांगितलं. त्यांचे वडील विहिरीच्या मोटा शिवायचे. मोटेच्या चामड्याला करडीचं तेल आटवून त्याचं रोगन चोळायचे, म्हणजे चामडं पाणी पीत नाही आणि वर्षानुवर्षं टिकतं. मामांनी लहानपणापासून पाहिलं ते हेच, चामडं दिसलं की रोगन. दुकान टाकल्यावर प्रत्येक बंदुकीच्या वायसरला त्यांनी दरवर्षी मनापासून रोगन चोळलं. मोटेला जे अमृत तेच बंदुकीला गोंद. चामडं मऊ राहून फुलायला हवं, नळकांड्याच्या भिंतीला चिकटून हवा अडवायला हवी, आणि रोगन त्याला वाळवून लाकूड करतं.

"तुम्हाला कळलं नाही कधी?"

"कळलं व्हतं थोडं." ते डोळे बारीक करून हसले. "पण दुकानाला सुस्तच बंदूक बरी असती. समदेच फुगे फुटले तर मी काय खाऊ?"

आयुष्यभर लोकांचा नेम चुकावा म्हणून ज्यानं बंदुका सांभाळल्या, तो आता एक नेम रोज लागावा म्हणून खाटेवरून धडपडत होता. मला त्यांची दया आली आणि हसूही आलं. दोन्ही मी लपवलं.

रॉकेलनं सगळं धुतलं. स्टँडजवळच्या चांभारदादांकडून जाड, पण चांगलं कमावलेलं मऊ चामडं आणून नवा वायसर वाटीसारखा वळवला आणि दोन दिवस शिलाई मशीनच्या तेलात बुडवून ठेवला. स्प्रिंग नवऱ्यानं नांदेडहून आणली, गुरुद्वाऱ्याकडच्या रस्त्यावर तलवारी-कट्यारींची दुकानं आहेत तिथून. नळी बिजागरीजवळ किंचित डावीकडं वाकवलेली होती, तीही मामांचीच करामत. मी सरळ करायला निघाले तर म्हणाले, "राहू दे. बांधूनच ठिवायची हाय. वाकडी तर वाकडी, पण रोज तेवढीच वाकडी पायजे." म्हणून बिजागरीचा बोल्ट तेवढा आवळला, नळी प्रत्येक वेळी त्याच जागी येऊन बसावी म्हणून. साबणात छर्रा पूर्ण बुडाला. वाळूचा डबा ठण्ण करून पडला आणि अक्कांच्या नाकासमोर झोके घेऊ लागला. त्या बाहेर आल्या, पिठाचा पांढरा हात वर करून हलवला.

मग रोजचं बसलं. सकाळी निघताना मी नळी ओढून स्प्रिंग दाबायची, छर्रा घालायचा, घोड्याला बांधलेली सुतळी मामांच्या डाव्या हाताशी खिळ्याला अडकवायची. सुतळी मुद्दाम लांब ठेवली होती, खाटेवरून पडले तरी हाताला यावी म्हणून. दिवसाचा एकच बार. नळी ओढायला दोन हात लागतात, आणि त्यांच्याकडं एकच होता. भर दिवसा डबा पडला तर अक्का वर यायच्या, आणि तसंच काही असलं तर माझ्या कचेरीत माणूस धाडायच्या. नाही पडला तर संध्याकाळी मी येऊन तो बार स्वतः सोडायची, कारण स्प्रिंग रात्रभरही दाबून ठेवणं बरं नाही. तो संध्याकाळचा ठण्ण म्हणजे बाई आली. अक्का काठीनं डबा परत फळीवर ठेवायच्या.

त्या ठण्णवरूनच मला बंदुकीची तब्येत कळायची. दिवसभर दबून राहिलेली स्प्रिंग थकते. दीड-दोन महिन्यांत आवाज बसायला लागला, डबा पडण्याआधी विचार करायला लागला. पीठ ठेवून पाहिलं, जोड ठीक. वायसर ठीक, झणझण नाही. स्प्रिंगच आखूड झाली होती. मामांनी त्यांच्या डबीतून भोकाचे जुने पैसे काढून दिले. त्यातला एक मी स्प्रिंगच्या मागं घातला. तेवढी ती जास्त दाबली गेली आणि जोर परतला. पुढं आणखी एक घातला. तोवर मी पक्कड आणि ठोकळा घेऊन एकटीनं ते करायला शिकले होते. टँकरची वेळ टाळूनच करायची, हे सांगायला नको.

कचेरीत टाइप करताना माझं अर्धं डोकं त्या खिडकीत असायचं. आता स्प्रिंग दबलेली आहे, आता अजून दबलेली आहे. सहा वाजेपर्यंत ती आणि मी सारख्याच.

मामांनी तो बार कशासाठी वापरला? दोनदा खरंच अडचण होती. एकदा पाण्याचा तांब्या सांडला आणि घसा कोरडा पडला, एकदा छातीत कळ आली. बाकी वेळा टँकरसाठी. माडीच्या खिडकीतून त्यांना टँकर कोपऱ्यावर वळताना सगळ्यांआधी दिसायचा. ते सुतळी ओढायचे, डबा पडायचा, अक्का बाहेर येऊन, टँकर दिसला की ओरडायच्या आणि आमची गल्ली दुसऱ्या गल्लीच्या आधी घागरी घेऊन हजर. गल्लीत मामांचं वजन वाढलं. कुणी वर ताक पाठवायचं, कुणी भाकरी. मला हे कळलं तेव्हा मी त्यांना फार बोलले. दिवसाचा एक बार, तो पाण्यासाठी घालवला आणि नंतर काही झालं म्हणजे?

"पाणी न्हाई आलं तर तू काय पिशीन?" ते म्हणाले.

"तुम्हाला काही झालं तर मला कोण विचारणार आहे?"

त्यावर त्यांनी भिंतीकडं तोंड केलं. आमची भांडणं अशीच संपायची. खोली एवढीशी, रुसून जायला जागा कुठं होती?

मग कचेरीत कायम करायच्या मुलाखती ठरल्या. दिवसभर चालणार होत्या, नाव पुकारलं तेव्हा समोर असायला हवं, नसलं तर गेलं. घरात दुसरा विषय नव्हता. नवऱ्याला रजा मिळाली नाही. मामा रोज विचारायचे, "कधी हाय?" आणि मी रोज सांगायची. त्या सकाळी त्यांनी माझ्याकडून बंदूक दोनदा तपासून घेतली. मी नवी साडी नेसले होते, तिला बंदुकीचं तेल लागू नये म्हणून हात लांब ठेवून नळी ओढली. "जा," म्हणाले. "हिकडचं बघू नको."

माझं नाव दुपार उलटल्यावर पुकारलं. कचेरीतून निघाले तेव्हा ऑर्डर माझ्या पिशवीत होती. गल्लीत शिरल्यावर मी आधी फळीकडं पाहिलं. डबा जागेवर होता. अक्का दळणात होत्या. त्यांनी हात केला, मी पण केला. जिना मी सावकाश चढले, साडी सांभाळत.

मामा फरशीवर होते. खाट आणि भिंत यांच्यामध्ये, एका कुशीवर, गाल फरशीला. ओठांना भेगा पडलेल्या. धोतर ओलं होऊन पुन्हा वाळलेलं. तांब्या लवंडून पार दाराशी गेलेला, आणि त्याचं पाणी कधीच सुकून गेलेलं. म्हणजे मी गेल्यावर थोड्याच वेळात पडले असणार. दिवसभर तसेच. सुतळी त्यांच्या डाव्या तळहातावर होती.

माझ्या मनात पहिलं आलं ते बंदुकीचंच. घोडा अडकला, स्प्रिंग तुटली, गाठ घसरली, काय झालं? त्यांचं डोकं मांडीवर घेऊन मी चमच्यानं पाणी घालत होते आणि बंदुकीला शिव्या घालत होते. एवढं केलं हिच्यासाठी, आणि नेमकं आजच. मग तशीच बसल्या जागी मी त्यांच्या हातातली सुतळी घेतली आणि ओढली.

ठण्ण. डबा पडला, दोरीला लटकून फिरला. अक्का बाहेर आल्या, काठीनं डबा उचलून फळीवर ठेवला, वर बघून हात हलवला आणि आत गेल्या. बाई आली.

मी सुतळी हातात धरून बसले.

"झालं का?" मामांनी विचारलं.

"काय?"

"कायम."

"झालं."

"मंग बरं," म्हणाले, आणि डोळे मिटले.

मला रडू आलं नाही. राग आला, इतका की चमचा त्यांच्या दातांवर वाजायला लागला. मी विचारलं, ही बंदूक मग कशाला बांधली, मी कशाला बोटं कापून घेतली, कशाला त्या स्प्रिंगवर आडवी पडले? तुम्ही मेला असतात तर ती ऑर्डर घेऊन मी काय केलं असतं? माझा आवाज चढला तसे त्यांनी डोळे उघडले.

"वरडू नको. अक्का ऐकती." मग म्हणाले, "डबा पडला असता तर तिनं कचेरीत माणूस धाडला असता. तू उठून आली असतीस."

हे खोटं नव्हतं. मी आलेच असते.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना खाटेवर टेकवून बसवलं. मी पुन्हा सगळं तपासलं. जोडावर पिठाची चिमूट ठेवली, बोल्ट हलवून पाहिला, साबणात छर्रा मारला. कशातच काही चूक नव्हती. नळी ओढली, छर्रा घातला, नळी मिटवली. मामांनी डावा हात पुढं केला. मी सुतळी त्यांच्या हातात दिली, पण सोडली नाही.

"काही झालं तर ओढाल ना?"

"हाव."

त्या हावचं काय करायचं मला कळेना. कचेरीची वेळ झाली होती, आता तर नोकरी कायम होती, जायलाच हवं होतं. मी सुतळी सोडली आणि जिना उतरले. पूर्वी संध्याकाळी गल्लीत शिरताना डबा जागेवर दिसला की माझा जीव भांड्यात पडायचा. त्या दिवसापासून तो जागेवर दिसला की मी जिना धावत चढायला लागले.